बर्फाची चिखलणी : उशिरा शिकणाऱ्यांसाठी स्की-मार्गदर्शिका

खिडकीतून बाहेर बघा. फेब्रुवारी संपत आलाय. छपराच्या पन्हाळीतून टपटप पाणी गळतंय, ड्राइव्हवेच्या कडेला महिनाभर काळवंडत बसलेला बर्फाचा ढीग खचलाय आणि शेजारचा पोरगा हाफ पँट घालून कचऱ्याचा डबा आत ओढतोय. फोनवर तापमान दिसतंय ४०. हाडाचा स्कीवाला असा दिवस बघून कपाळाला हात लावतो आणि कोलोरॅडोची तिकिटं शोधायला बसतो. आपण म्हणतो, "काय सुरेख ऊन पडलंय! चला, आज स्कीइंगला जाऊ."

ही मार्गदर्शिका त्या दिवसाची आहे. कोरड्या, पिठासारख्या भुरभुरीत बर्फावर कसं घसरावं हे सांगणारी पुस्तकं ढिगानं मिळतात. ती लहानपणी शिकलेल्यांसाठी. आपण चाळिशी ओलांडल्यावर, मुलांना टेकडीवर सोडायला-आणायला जाता जाता, "एवढं येतोच आहे तर" म्हणून शिकतो. कडाक्याच्या थंडीत आपण गाडीतून उतरत नाही, त्यामुळे आपल्या वाट्याला येतो तो वितळता बर्फ. तेव्हा शास्त्र त्याचंच करू.

एक ताकीद आधीच देते. ४० हा आकडा भारतात फोनवर सांगू नये. हे फॅरनहाइटचे अंश. आपल्या हिशेबात साडेचारच्या आसपास. मी एकदा बोलून गेले, तर लांज्याहून मामी म्हणाली, "अगो बाय, मग बाहेर कशाला जातेस? घरात बस नि पन्हं पी."

जागा

मिशिगनमधल्या आमच्या गावाचं नाव नोव्हाय. ग्रँड रिव्हर रस्त्यावरचा हा सहावा थांबा; 'नंबर'चं इंग्रजी लघुरूप 'नो', त्यापुढे रोमन सहा म्हणजे 'व्ही-आय', म्हणून नोव्हाय, अशी इथली लाडकी दंतकथा आहे. गावाला हे नाव १८३० च्या दशकातच पडलं, थांबे आणि टोलनाके नंतरचे, असं सांगून इतिहासवाले ती मोडीत काढतात. मला तिसरीच व्युत्पत्ती पटते : "नो! व्हाय?" इथे येऊन पडलेल्या प्रत्येक मराठी माणसाने पहिल्या जानेवारीत हे दोन शब्द याच क्रमाने उच्चारलेले असतात. 'व्हाय'चं उत्तर बहुधा डेट्रॉईटच्या मोटारधंद्यात सापडतं. 'नो'वर उपाय नाही.

नोव्हायहून आय-९६ रस्त्याने पश्चिमेला वीसएक मैल गेलात की माउंट ब्रायटन लागतं. उत्तरेच्या अंगाला व्हाइट लेकची अल्पाइन व्हॅली, क्लार्कस्टनचं पाइन नॉब आणि त्याच्याही पलीकडे माउंट हॉली. 'माउंट' या शब्दाने दबून जाऊ नका. ब्रायटनची पायथ्यापासून माथ्यापर्यंतची उंची २३० फूट, म्हणजे कुतुबमिनारपेक्षा पाच-सहा हात बुटकी. हॉली ३५० फूट. सह्याद्रीत अशा उंचवट्याला कोणी नावसुद्धा ठेवलं नसतं, फार तर टेपाड म्हटलं असतं. हिमयुगात इथून बर्फाची जाडजूड चादर सरकली. तिने सगळं सपाट केलं आणि माघार घेताना दगडगोट्यांचे ढिगारे टाकून गेली. या भागातल्या टेकड्या बहुतेक त्याच. डेट्रॉईटच्या दक्षिणेला रिव्हरव्ह्यू गावाने तर कचऱ्याच्या डेपोची टेकडी करून तिच्यावर अनेक हिवाळे स्की चालवलं. देवनारकडे आशेने बघणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

तरीही हसू नका. मिशिगनमध्ये अशी स्कीची ठिकाणं चाळीसच्या घरात आहेत. अमेरिकेची राष्ट्रीय स्की संघटना १९०५ साली स्थापन झाली तीही इथेच, उत्तरेकडच्या इश्पेमिंग नावाच्या खाणगावात. आणि माउंट ब्रायटन २०१२ साली कोलोरॅडोच्या व्हेल कंपनीने विकत घेतलं. आल्प्सच्या तोलाचे डोंगर बाळगणारी कंपनी आपल्या शेजारच्या टेपाडाचीही मालक आहे, असं पुण्याला फोनवर सांगता येतं.

शब्दसंग्रह

शिकायला सुरुवात करण्यापूर्वी पायाखाली काय आहे ते ओळखता आलं पाहिजे, आणि इथे मराठी माणूस पहिल्यांदा घाबरतो. बर्फाला आपल्याकडे शब्द किती? बर्फ, हिम आणि गारा. संपला कोश. पण घाबरू नका, आपण शब्द चुकीच्या कप्प्यात शोधतोय. चाळीस अंशांवरचा बर्फ हा मुळात बर्फ नव्हेच, तो चिखल आहे. आणि चिखलाच्या बाबतीत मराठी भाषेला कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. चार महिने पाऊस झेललेली भाषा आहे ती.

तर, चिकचिक. वरचा अर्धा इंच ओला आणि खाली घट्ट. रात्री गोठायचं, दिवसा वितळायचं, असं दहा-बारा वेळा झालं की बर्फाचे टपोरे दाणे होतात. इथले लोक त्याला मक्याच्या दाण्याचं नाव देतात. मला तो शिजत आलेला साबुदाणा वाटतो. दाणा दाण्यापासून सुटा आहे तोवर खुशाल घसरा. याच्याइतका प्रेमळ बर्फ नाही.

मग लगदा. इंग्रजीतही याला कुस्करलेल्या बटाट्याचं नाव आहे, म्हणजे निरीक्षण एकच. साबुदाणा गिच्च गोळा झाला. स्की वळवायला गेलं की ती बर्फाचा ढीग ढकलत नेते.

मग राड. दुपारी तीनच्या सुमारास, दीडेकशे लोकांनी हा लगदा ढकलून ढकलून उंचवटे आणि चर केल्यावरचं रूप. याचा आणखी एक अवगुण असा की सूर्य मावळला की राड आहे त्या आकारात गोठते. इथल्या टेकड्या रात्री दिवे लावून चालू असतात. संध्याकाळी सातला उतरायला जाल, तर दुपारी कोणीतरी खणून ठेवलेले चर सिमेंटचे झालेले सापडतात.

शेवटी रेंदा. हा टेकडीवर नसतो, पायथ्याशी, माणसांना वर नेणाऱ्या पाळण्याच्या रांगेत असतो. रंग करडा, आणि पाय उचलला की मागे पाणी भरतं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे गवत. गवतावर स्की थांबते, माणूस थांबत नाही.

वेळ

खरं तर अशा दिवशी सकाळी साडेनऊला पोहोचावं. तेव्हा रात्रीचा गोठलेला पृष्ठभाग काचेसारखा असतो. तासभर कॉफी प्यावी, उन्हाने तो चिकचिकीवर आला की साडेबारापर्यंत मनसोक्त घसरावं आणि लगदा सुरू होताच घरी यावं. हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या घरी शनिवारी पोहे होतात, मग चहा होतो, मग "निघू या का?" असं विचारण्याच्या तीन फेऱ्या होतात. निघेतो साडेअकरा, पोहोचून बूट चढवेतो एक. म्हणून या मार्गदर्शिकेत चिकचिकीला एकच परिच्छेद दिला. पुढचं सगळं लगद्याबद्दल आहे.

फार उशीर मात्र करू नका, म्हणजे मोसमाचा. दक्षिण मिशिगनच्या टेकड्या मार्चच्या मध्याला आवरतं घेतात आणि कधीकधी त्याआधीच हवा घात करते. २०१२ च्या मार्चमध्ये डेट्रॉईटचा पारा ८० च्या पार गेला होता. स्कीवाल्यांचं जे व्हायचं ते झालंच, पण चेरीची झाडं फसून अवेळी फुलली, पुढच्या कडाक्यात तो बहर करपला आणि राज्याचं आंबट चेरीचं पीक जवळजवळ गेलं. मोहोरावर अवकाळी पाऊस पडलेल्या आंबेवाल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मग इतक्या उबेत टेकडी टिकते कशी? तो बर्फ बहुतेक यंत्रातून फवारलेला असतो. यंत्राच्या बर्फाचे कण बारीक आणि दाट, म्हणून तो आभाळातल्यापेक्षा सावकाश वितळतो. आणि तो करताना नुसती थंडी बघत नाहीत, हवेचा कोरडेपणाही बघतात. फवाऱ्यातल्या थेंबाचा थोडा अंश वाफ होऊन जातो आणि उरलेल्याला गार करून जातो. आपल्या माठाचंच तत्त्व. उरण-पनवेलला माठातलं पाणी कोमट आणि नागपूरला गार का, हे ज्याला कळलं त्याला बर्फाच्या यंत्राचं निम्मं कळलं.

साहित्य

कपड्यांत एकच नियम आहे : जीन्स नको. लगद्यात एकदा बसलात की ती पाणी पिते, आणि उरलेला दिवस ओलं गोणपाट नेसून काढावा लागतो. जाड कोटाचीही गरज नाही. पाणी आत येऊ न देणारं पातळ काहीतरी हवं. पावसाळ्यात लावणीला बायका डोक्यावरून पाठभर घ्यायच्या तसं इरलं असतं तर मी तेच नेलं असतं. पडल्यावर उताणं करून त्यात बसायलाही बरं. गॉगल लावा. आणि सनस्क्रीन हनुवटीच्या खाली, नाकपुड्यांच्या खालच्या बाजूलाही लावा. बर्फावरचं ऊन खालून वर येतं. माझं न ऐकल्यास सोमवारी ऑफिसात डोळ्यांभोवती गॉगलचा फिका ठसा घेऊन बसावं लागेल, आणि तीन-तीनदा सांगावं लागेल की ॲलर्जी नाही.

स्की, काठ्या आणि बूट भाड्याने मिळतात. बुटांबद्दल फार लिहीत नाही, तो अनुभव शब्दांपलीकडचा आहे. पोटरीला बांधलेली कुकरची दोन भांडी घेऊन जिना उतरायचा आहे असं समजा.

वेळ द्यायची ती भाड्याच्या अर्जाला. त्यात वय, उंची आणि वजन विचारतात, आणि आपली माणसं इथे लग्नाच्या बायोडेटाला लागावी तशी प्रतिभा लावतात. अर्ज भरताना नवरा किंवा बायको खांद्यावरून डोकावत असेल तर आणखीच. कृपया खरं लिहा. बूट स्कीला पकडून ठेवणारा जो खटका असतो, तो किती जोराचा झटका बसल्यावर सुटावा, हे त्या आकड्यांवरून, बुटाच्या तळव्याच्या लांबीवरून आणि तुम्ही सांगितलेल्या 'प्रकारा'वरून ठरवतात. पहिला प्रकार म्हणजे सावकाश, जपून जाणारा. तिसरा म्हणजे सुसाट. पन्नाशीनंतर खटका थोडा सैल ठेवतात. वजन कमी लिहिलं तर स्की वाटेत उगाच सुटेल. एवढं परवडलं. पण मुलांसमोर शान म्हणून तिसरा प्रकार लिहिला, तर लगद्यात स्की अडकेल, खटका सुटणार नाही आणि मग कोणीतरी हार मानावीच लागते. ते काम गुडघा करतो.

आमच्या ओळखीतल्या एका काकांनी पौंडांच्या रकान्यात किलो लिहिले होते. ते दिवसभर स्कीशिवायच उतरत होते.

बूट खटक्यात घालण्यापूर्वी तळवा काठीने ठोकून साफ करा. ओला बर्फ तळव्याला चिकटून गोळा होतो आणि खटका अर्धवटच लागतो. देवळात शिरण्यापूर्वी पाय धुतात तसं हे. पुण्याचा भाग सोडा, पण चुकवू नका.

स्की चिकटते का?

हा प्रश्न प्रत्येक नवशिक्या उतारावर उभा राहून विचारतो, कारण त्याला वाटत असतं की उतारावर वस्तू खाली जातात. थंड दिवशी जातात. स्कीच्या घर्षणाने बर्फाचा अगदी पातळ थर वितळतो आणि त्या ओलाव्यावर ती घसरते. पाणी हवं, पण नखभर. कॅरमवरच्या पावडरीसारखं : चिमूटभर असली तर स्ट्रायकर सुळकन जातो. चाळीस अंशांवर बर्फाच्या दाण्यांमध्ये आधीच पाणी साचलेलं असतं. आता स्की त्यावर घसरत नाही, त्याला चिकटते. ओट्यावर ओलं ताट उपडं ठेवून सरकवून बघा. किंवा जुलैतला सर्दावलेला कॅरमबोर्ड आठवा, ज्यावर सोंगटी जागच्या जागी गिरकी घेऊन थांबते.

यावर उपाय मेणाचा. स्कीच्या तळाला ओल्या बर्फाचं, मऊ मेण चोळतात. ते पाणी झटकतं. शर्यतवाले त्याशिवाय तळाला बारीक रेघाही पाडून घेतात, पाण्याला वाट मिळावी म्हणून, पायवाटेच्या कडेला पाट काढावा तसा. फ्लोरिनचं मेण सगळ्यांत चपळ, पण ते निसर्गाला आणि मेण लावणाऱ्याच्या फुप्फुसाला वाईट, म्हणून आंतरराष्ट्रीय शर्यतींत त्यावर बंदी आहे. आपल्याला इतकं खोलात जायचं नाही. भाड्याच्या स्कीला कोणी आजच्या हवेचं मेण लावून ठेवलेलं नसतं. खिशात चोळायची वडी ठेवा. लाकडी कपाटाचा खण अडला की आई मेणबत्ती चोळायची, तेवढाच कारभार.

प्रत्यक्ष कृती

इथे लहान मुलांना थांबण्याची पद्धत पिझ्झा म्हणून शिकवतात : स्कीची टोकं पुढे जवळ, मागची बाजू फाकलेली, म्हणजे पिझ्झ्याचा तुकडा. दोन्ही समांतर ठेवल्या की फ्रेंच फ्राइज. उतारावर उभं राहिलं की चारी बाजूंनी आपलीच पोरं ओरडत असतात, "आई, पिझ्झा कर! आई, पिझ्झा!" आणि घरी आल्यावर तीच पोरं विचारतात की पिझ्झा का केला नाहीस.

थंड, कडक बर्फावर पिझ्झा चालतो. लगद्यात रुंद पिझ्झा केला की दोन्ही स्की नांगरासारख्या आत घुसतात. टोकं एकमेकींवर चढतात आणि तुम्ही नमस्काराच्या मुद्रेत पुढे जाता. म्हणून तुकडा लहान घ्या. पाय एकमेकांजवळ, भार दोन्हीवर सारखा. गुडघे सैल. मागे रेलून बसू नका, पुढेही वाकू नका. झटक्याने वळू नका. लांबरुंद, गोल वळणं घ्या, बैलगाडी वळवावी तशी. थोडा वेग राहू द्या. भीती वाटली की माणूस वेग मारतो, आणि लगद्यात वेग मेला की स्की रुतते.

हे सगळं मला इथल्या प्रशिक्षकाने नीट समजावून सांगितलं होतं आणि त्यातलं एक अक्षर माझ्या पायांपर्यंत पोचलं नव्हतं. पोचलं ते दुसऱ्या वाटेने. माझं आजोळ लांज्याकडचं. जूनच्या शेवटी शेताची चिखलणी झाली की आम्ही पुण्याची भाचरं हौसेने चिखलात उतरायचो आणि तिसऱ्या पावलाला रुतायचो. चप्पल तर चिखलात गेलेली असायचीच. मामी बांधावरून ओरडायची : पाय सरळ वर उपटू नको, आधी टाच सोडव. गुडघा ताठ नको. आणि एका जागी उभी राहू नकोस गो, ती जमीन धरून ठेवते. मामीच्या पायाला त्या रेंद्यात आवाजसुद्धा होत नसे. माझ्या प्रत्येक पावलाला मात्र एक ओला, लाजिरवाणा फच्च.

एका फेब्रुवारीत, इथल्या एका टेकडीवर (नाव लिहीत नाही, टेकडीकडून काही चुकलं नव्हतं) मी अर्ध्या उतारावर लगद्यात रुतून उभी होते. प्रशिक्षक खालून हातवारे करत होता. आणि स्की हलवायला गेले तेव्हा खालून तोच आवाज आला. फच्च. पंचवीस वर्षांनी, आठ हजार मैलांवर. गुडघे आपोआप सैल झाले. टाच आधी सुटली. मी उतरले, सुंदर नाही, पण उतरले. प्रशिक्षक म्हणाला, बघ, मी सांगितलेलं ऐकलंस. मी मान डोलावली. लांज्याचं इंग्रजीत काय सांगणार?

एका गोष्टीवर मात्र मामीचं मार्गदर्शन नाही : सावली. झाडाच्या किंवा पाळण्याच्या खांबाच्या सावलीत बर्फ अजून कडक असतो, तिथे स्की एकदम सुटते. तुम्ही खूश होता. चार हातांवर ऊन सुरू होतं, लगदा लागतो आणि स्की ब्रेक लावल्यासारखी थांबते. तुम्ही थांबत नाही, न्यूटनचा पहिला नियम. सावलीतून बाहेर पडण्याआधी एक पाय किंचित पुढे घ्या आणि अंग सावरून ठेवा. मुंबईची लोकल स्टेशनात शिरताना दारात उभा असलेला माणूस जसा उभा असतो, अगदी तसं.

पडणं

पडाल. ओल्या बर्फाचा हा मोठेपणा की तो लागत नाही, फक्त भिजवतो. शक्य असेल तर कडेला, चढाच्या बाजूला पडा. उठताना आधी स्की उताराला आडव्या करा, नाहीतर उठता उठता निघून जाल. गुडघ्यात कळ आली, तर मराठी शूरपणा दाखवून उठू नका. हात वर करा. स्की पॅट्रोलवाले लाल जॅकेटात घसरगाडी घेऊन येतात, तुम्हाला गुंडाळून झोपवतात आणि खाली नेतात. पालखीत बसण्याचा योग पुन्हा येईलच असं नाही.

कोणावर खटला भरण्याचे विचार मनात आले तर मिशिगनचा १९६२ सालचा स्की सुरक्षा कायदा वाचा. बर्फाची पृष्ठभागाची आणि आतली अवस्था, उघडे पडलेले भाग, दगड, झाडं, हे सगळे धोके स्की करणाऱ्याने पत्करलेलेच असतात, असं त्यात लिहून ठेवलंय. म्हणजे गवत लागलं तर ते तुम्ही आधीच मान्य केलेलं गवत होतं. खालच्या माणसाला वाट देण्याची जबाबदारी वरच्याची, एवढं मात्र पक्कं लक्षात ठेवा. हिंजवडीच्या रस्त्यावर गाडी चालवून आलेल्यांना ही कल्पना नवी वाटेल.

मीठ

काही दुपारी शर्यतीची मुलं येतात आणि त्यांची माणसं लगद्यावर चक्क मीठ पसरतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, वेडे झाले. मीठ तर बर्फ वितळवतं! डेट्रॉईट शहराच्या पोटात सुमारे १२०० फूट खोल मिठाची प्रचंड खाण आहे आणि तिचं मीठ हिवाळाभर रस्त्यांवर त्यासाठीच पडतं. आमच्या गाड्यांचे पत्रे त्यानेच खाल्ले.

उत्तर सासूबाईंनी दिलं. त्या तेव्हा सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि पायथ्याच्या लॉजच्या काचेमागे डब्यातल्या गूळपोळ्या सांभाळत बसल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, पॉटचं आइस्क्रीम नाही का करायचो? लाकडी बादलीत बर्फ, वर जाडं मीठ, आणि हॅंडल फिरवायचं. मीठ पडलं की बर्फ विरघळतो, पण विरघळताना गारवा ओढून घेतो. मधलं दूध घट्ट होतं." तेच. ओल्या बर्फावर मीठ टाकलं की थोडा बर्फ विरतो, विरताना लागणारी उष्णता आजूबाजूच्या पाण्यातून खेचतो आणि ते पाणी गोठून वरचा थर काही काळ कडक होतो. वीस-पंचवीस पोरांना शर्यत संपवता येते. फॅरनहाइटने आपल्या मापाचं शून्यही अशाच खाऱ्या गोठणमिश्रणावरून घेतलं होतं, म्हणजे ज्या अंशांनी आमच्या मामीला फसवलं त्यांचं मूळ आइस्क्रीमच्या पॉटात आहे. आपण मात्र घरचं मीठ नेऊन टेकडीवर टाकू नये. पसरणारी माणसं ठरलेली असतात आणि टाकण्याची वेळही.

पुढचा अभ्यासक्रम

लगद्याची भीती गेली की उत्तरेला बॉयन माउंटनला मार्चमध्ये स्लश कप असतो, तो बघून या. उताराच्या पायथ्याशी पाण्याचं डबकं करतात. लोक चित्रविचित्र सोंगं घेऊन वरून वेगाने येतात आणि स्कीवरून ते पार करायला बघतात. बहुतेक मध्येच बुडतात, आणि गर्दी त्यासाठीच जमलेली असते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात पावसाळ्यात चिखलातल्या नांगरणीच्या स्पर्धा होतात, त्या पाहिल्या असतील तर वातावरण ओळखीचं वाटेल. तिथे निदान बैलांना पोहता येतं.

दोन स्की सांभाळणं जमतच नसेल, तर एकीवर या. तोही शोध इथलाच. १९६५ च्या नाताळात मस्केगॉन गावच्या शर्मन पॉपेन यांनी मुलींना खेळायला म्हणून दोन स्की शेजारी शेजारी जोडल्या. त्यांच्या पत्नीने तिला स्नर्फर म्हटलं आणि पुढे त्यातून स्नोबोर्ड आला. २०१७ साली बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला ग्रँड रॅपिड्सला गेलेली मंडळी तिथून चाळीसएक मैलांवर होती. पण जुलै होता, आणि जेवणाची रांग लांब होती.

माझा स्वतःचा अभ्यासक्रम सासूबाईंपाशी येऊन थांबलाय. त्या मिठाच्या शनिवारी मी खाली आले, बूट काढले आणि त्यांच्या शेजारी बसले. त्या काचेतून टेकडीकडे एकटक बघत होत्या. वर लगद्यात पन्नास-साठ माणसं, सगळी कमरेत वाकलेली, पाय फाकलेले, तोंडं खाली.

"लावणी चाललीय जशी," त्या म्हणाल्या. "फक्त रोपं विसरलेत."

मग गूळपोळी माझ्या हातात देऊन भाड्याच्या खिडकीकडे चालू लागल्या. अर्ज मीच भरला. वय एकाहत्तर. वजन त्यांनी खिडकीतल्या मुलाला ऐकू जाईल अशा आवाजात खरं सांगितलं, किलोमध्ये, आणि मी पौंड केले.

"प्रकार कोणता लिहू?" मी तिन्ही प्रकार वाचून दाखवले.

"पहिला लिही," त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपेला बदलू."